टूर्नामेंट पोकर: मधल्या टप्प्यात चिप्स गळतात, कारण कुठे शोधायचं?

तक्रार दर पावसाळ्यात साधारण एकाच शब्दांत येते. पहिला तास-दीड तास बरा जातो, चिप्सचा ढीग सरासरीपेक्षा उंच असतो, मग ब्लाइंड (हात सुरू व्हायच्या आधी दोघांनी सक्तीने टाकायच्या चिप्स; लहान रक्कम स्मॉल ब्लाइंड, मोठी बिग ब्लाइंड) वाढायला लागतात आणि एकही मोठा हात न हरता ढीग अर्ध्यावर येतो. आठ-दहा बिग ब्लाइंडइतकाच ढीग उरला की एखाद्या एक्का-पंजीवर ऑल-इन (सगळ्या चिप्स आत), समोर एक्का-राणी, आणि डाव आटोपला. "पानंच येत नाहीत रे" हे त्यावरचं ठरलेलं निदान.

पानं सगळ्यांनाच तशी येतात. ज्या टेबलांवर मी बसतो तिथली गळती बहुतेक वेळा कॉलमधून, म्हणजे समोरच्याने लावल्या तेवढ्याच चिप्स घालून हातात राहण्यातून, होते. बेट करताना माणूस थांबतो, कारण चिप्स पुढे सरकवाव्या लागतात. फोल्ड करताना, म्हणजे पानं टाकून देतानाही जीव थोडा अडकतो. कॉल मात्र हात आपोआप करून टाकतो, कारण तो मधला, कुणाला न दुखावणारा पर्याय वाटतो. टूर्नामेंटमध्ये तिन्हींत जास्तीत जास्त कारणं मागणारा निर्णय तोच आहे.

आधी खेळ कुठला ते सांगतो. मालवण-देवगडच्या पट्ट्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, होमस्टे ओस पडलेले असतात, आणि संध्याकाळी सातनंतर पडवीत पत्ते पिसण्याशिवाय फारसं काही उरत नाही. पूर्वी मेंढीकोट आणि ३०४ चालायचं. ते अजूनही चालतं, पण काही घरांत आता टेक्सास होल्डेमची टूर्नामेंट असते: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). प्रवेश फी नाही, पैसा नाही. पहिल्या तिघांना ५०, ३० आणि २० गुण, आणि गुणांची वही गणपतीपर्यंत चालते. पैसा का नाही, तर महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, आणि ऑनलाइन पैसे लावून खेळायचं दार ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने बंद झालं. ज्यांना हौस आहे ते पत्रादेवीची हद्द ओलांडून गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोंत जातात. तिथे २१ वर्षांच्या आतल्याला प्रवेश नाही. खालचं सगळं दोन्हीकडे लागू पडतं, फरक इतकाच की तिकडे चुकीचं बिल खऱ्या नोटांत येतं.

आधी गळती कुठे आहे ते बघा

उपाय वाचायच्या आधी दोन-तीन रात्री एक काम करा. ज्या हातात तुमच्या ढिगाचा पाचवा हिस्सा किंवा जास्त गेला, तेवढाच हात वहीत लिहा. फार नको: ब्लाइंड किती होते, तुमच्याकडे किती होतं, आणि शेवटची बेट कोणाची होती. तिसरा रकाना महत्त्वाचा. शेवटची बेट तुमची असेल तर तुम्ही काहीतरी करायला गेलात आणि ते जमलं नाही, तो आजार वेगळा. शेवटची बेट समोरच्याची असेल तर तुम्ही त्याला पैसे मोजलेत. बहुतेकांच्या वहीत दुसऱ्या प्रकारचे हात ढिगाने निघतात.

याशिवाय एक गळती वहीत दिसतच नाही, कारण ती पाचव्या हिश्श्याच्या खाली राहते. लहान जोडी आली, समोरून रेझ झाला (बेट वाढवली), "तिसरी सत्ती लागली तर मजा" म्हणून फ्लॉप बघायला कॉल. फ्लॉपवर तिसरं पान लागायची शक्यता १२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साडेसात वेळा हुकणार तेव्हा एकदा लागणार. समजा ब्लाइंड ५००-१०००, बिग ब्लाइंडवाला १००० चा अँटी (ब्लाइंडवेगळी सक्तीची भर) भरतो, समोरच्याचा रेझ २२०० आणि तुमच्याकडे १८,०००. साडेसात वेळा २२०० गेले म्हणजे १६,५०० गेले. ज्या एका वेळी लागेल, त्या वेळी तेवढे भरून यायला हवेत. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, आधीचे ४७०० असतात, उरलेले समोरच्याने तुमच्या हातात आणून द्यायला हवेत, तेही प्रत्येक वेळी. तो देत नाही. फ्लॉपवर एक्का पडला की गप्प बसतो. सुरुवातीला, जेव्हा ढीग शंभर ब्लाइंडचा असतो, तेव्हा हाच कॉल चांगला असतो, आणि तिथेच ही सवय लागते. वीस ब्लाइंडच्या आत लहान जोडी एकतर ऑल-इन करायची किंवा सोडायची. मधला रस्ता नाही.

"एवढ्या लांब इलंय, आता बघतंयच"

हे वाक्य आमच्याकडे रिव्हरवर ऐकू येतं. त्यामागे तीन पत्ती आहे. तिथे एकदा चाल दिली की पुढची चाल द्यायची, शेवटी दोघे उरले की शो मागायचा, आणि समोरच्याची पानं बघणं हा खेळाचा अर्धा आनंद असतो. होल्डेममध्ये बघायची किंमत दर रस्त्याला, म्हणजे फ्लॉप, टर्न, रिव्हर अशा प्रत्येक टप्प्यावर, वाढत जाते.

एक हात सावकाश बघू. ब्लाइंड २००-४००, अँटी ४००. तुम्ही बिग ब्लाइंडवर, ढीग १६,०००. बटणाच्या (डीलरच्या खुणेच्या) उजवीकडच्याने ९०० चा रेझ केला, बाकी सगळे गेले. तुमच्याकडे इस्पिकचा राजा आणि चौकटचा गुलाम. पॉटमध्ये ९०० अधिक २०० अधिक ४०० अधिक ४००, म्हणजे १९००. तुम्हाला आणखी ५०० घालायचे आहेत, घातल्यावर पॉट २४०० होईल. ५०० भागिले २४००, म्हणजे २१ टक्के वेळा जिंकलात तरी बरोबरी. एवढ्या स्वस्तात राजा-गुलाम सोडायचा नसतो. कॉल.

फ्लॉप: बदाम गुलाम, बदाम अठ्ठी, किलवर चौकी. तुमची गुलामाची जोडी, म्हणजे टॉप पेअर (टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाची जोडी), वर राजा. तुम्ही चेक (बेट न करता पाळी पुढे), तो ८०० ची बेट. तुम्ही घातल्यावर पॉट ४००० होणार, तुमचा वाटा ८००, म्हणजे २० टक्के जिंकायची शक्यता पुरे. इथेही कॉल बरोबर.

टर्न: बदाम छक्की. आता टेबलावर तीन बदाम, आणि तुमच्या हातात एकही नाही. तुम्ही चेक, तो २६०० ची बेट, पॉट ४००० चा होता. २६०० भागिले ९२००, म्हणजे २८ टक्के. इथे आमच्याकडचा सरासरी माणूस म्हणतो, "टॉप पेअर आहे", आणि कॉल करतो. रिव्हरला इस्पिकची दुर्री पडते, काहीच बदलत नाही, आणि समोरून ६००० येतात. पुन्हा २८ टक्के. "एवढ्या लांब इलंय." कॉल. समोर एक्का-नव्वी, दोन्ही बदाम: पाच बदाम म्हणजे रंग, जोडीहून भारी.

आता सगळे रिव्हरच्या कॉलवर बोट ठेवतात. बिघाड टर्नवर आहे. टर्नला २६०० घालताना प्रश्न फक्त २६०० चा नव्हता. तो पहिला हप्ता होता. दोनदा बेट करणारा माणूस रिव्हरलाही करणार का, आणि केली तर मी काय करणार, याचं उत्तर टर्नला तयार हवं. "रिव्हरला दुसरा गुलाम किंवा राजा न पडता मोठी बेट आली तर सोडणार" असं उत्तर असेल, तर टर्नचा कॉल फक्त तेव्हाच परवडतो जेव्हा समोरचा रिव्हरला बऱ्याचदा गप्प बसतो. असे लोक असतात. एकदा हवेत बेट मारून बघतात, दुसऱ्यांदा धीर होत नाही. त्यांच्यासमोर टर्नला कॉल करा, खुशाल. पण तीन बदाम टेबलावर असताना सलग तीनदा मोठी बेट करणारा घरगुती टेबलावरचा माणूस ब्लफ करत असतो, हे मी फार क्वचित पाहिलंय. २८ टक्के लागतात म्हणजे त्याच्या अशा शंभर बेटांत किमान अठ्ठावीस वेळा त्याचा हात तुमच्याहून हलका हवा. तेवढे हलके हात मोजून दाखवता येत नसतील तर कॉल करायला आधार नाही.

त्याच हातात एक पान बदला. इस्पिकच्या राजाऐवजी बदामचा राजा असता तर? टर्नला तुमच्याकडे चार बदाम झाले असते; न दिसलेल्या ४६ पानांपैकी ९ बदाम, म्हणजे रिव्हरला रंग लागायची शक्यता १९ ते २० टक्के, वर जोडी आहेच. शिवाय राजा तुमच्याकडे असल्याने समोरच्याकडे बदामचा राजा नाही, म्हणजे त्याचे काही मजबूत रंग आपोआप कमी झाले. तो टर्नचा कॉल सरळ होतो. म्हणून "टॉप पेअर आहे का" एवढ्यावर थांबू नका. कुठल्या रंगाचं पान हातात आहे तेही बघा.

हिशेब जमत नाही ही सबब आमच्याकडे चालू देत नाही. ज्या पट्ट्यात शाळकरी पोरांना गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २ आणि चारही रंगांची बेरीज ३०४ हे तोंडपाठ असतं, तिथे भागाकाराचं भय कसलं? तीन आकडे पाठ केले की झालं. पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याची बेट आली तर २० टक्के लागतात, अर्ध्या पॉटची आली तर २५, पूर्ण पॉटची आली तर ३३. आणि हात लागायची शक्यता काढायला, उपयोगी पानं मोजून एक पान यायचं बाकी असेल तर दुपटीने, दोन यायची असतील तर चौपटीने, तेवढे टक्के. रंगाला ९ पानं, दोन्ही बाजूंनी उघड्या सिक्वेन्सला ८, मधलं एकच पान हवं असेल तर ४. चौपटीचा आकडा मात्र तेव्हाच खरा, जेव्हा दोन्ही पानं बघायची किंमत आत्ताच मोजून झालेली असते, म्हणजे ऑल-इनला. नाहीतर टर्नला पुन्हा पावती फाटते.

जिथे बेट करायची तिथे कॉल होतो

गळतीची दुसरी बाजू. कॉल करून जिंकायची एकच वाट असते: शेवटी हात वरचा निघणं. बेट केली तर समोरचा सोडूनही जाऊ शकतो. ब्लाइंड मोठे झाले की ही दुसरी वाट पहिल्यापेक्षा जास्त चिप्स देते.

आकड्यांत बघा. ब्लाइंड ५००-१०००, अँटी १०००. पॉटमध्ये हात सुरू व्हायच्या आधीच २५०० पडलेत. तुम्ही बटणावर, तुमच्याकडे ८०००, बाकी सगळ्यांनी सोडलंय. ब्लाइंडवाल्या दोघांकडे तुमच्याहून जास्त आहे. तुम्ही ऑल-इन केलंत आणि धरा, दहापैकी सात वेळा दोघेही सोडून गेले. सात वेळा २५०० मिळाले. उरलेल्या तीन वेळा बिग ब्लाइंडने कॉल केला, पॉट १७,५०० चा झाला, आणि तुमचं पान इतकं हलकं की जिंकायची शक्यता फक्त ३५ टक्के. तेव्हा सरासरी ६१२५ परत येतात, म्हणजे १८७५ चा तोटा. सगळं मिळून दर ऑल-इनला सुमारे ११८८ चा फायदा. एका ब्लाइंडहून जास्त, तेही कॉल झाला तर हरणाऱ्या पानावर.

आता खुर्च्या बदला. तेच पान तुमच्याकडे बिग ब्लाइंडवर आहे आणि बटणावरच्याने ८००० चं ऑल-इन केलंय. तुम्हाला आणखी ७००० घालायचे, पॉट १७,५०० चा होणार, म्हणजे ४० टक्के हवेत. तुमच्याकडे ३५ आहेत. सोडा. पान तेच, चिप्स त्याच. आधी आत जाणाऱ्याला जे परवडतं ते मागून जाणाऱ्याला परवडत नाही. पोकरवर लिहिणाऱ्या डेव्हिड स्क्लान्स्कीने या फरकाला 'गॅप' म्हटलंय. आमच्याकडे नेमकं उलट चालतं: एक्का-सत्तीवर स्वतः ऑल-इन करायला लाजतात आणि दुसऱ्याच्या ऑल-इनला त्याच एक्का-सत्तीवर "एक्का आहे" म्हणून कॉल करतात.

दहा ब्लाइंडच्या आसपास आलात की साधा रेझ आणि मग विचार, हा प्रकार बंद. एकतर सगळं आत, नाहीतर फोल्ड. आणि हे दहा ब्लाइंड येईपर्यंत वाट बघायची नाही. बारा-तेरालाच तयारी हवी, कारण पाच ब्लाइंडच्या ऑल-इनला कुणी घाबरत नाही. फोल्ड करायला लावायची ताकद हीच तुमची शेवटची पुंजी असते, ती संपल्यावर फक्त पान उरतं.

ढीग किती खोल आहे हे मोजायला बॅकगॅमन-पोकर खेळाडू पॉल मॅग्रिएलचं 'एम' चांगलं: तुमच्या चिप्स भागिले एका फेरीचा खर्च (दोन्ही ब्लाइंड आणि अँटी). २०,००० असतील आणि फेरीला २५०० लागत असतील तर एम ८. म्हणजे काही न खेळता आठ फेऱ्या. घरगुती टेबलावर हा आकडा फसवतो. आमच्याकडे लेव्हल (ब्लाइंड वाढेपर्यंतचा टप्पा) वीस मिनिटांची, पत्ते हाताने पिसायचे, मध्ये कुणाचा तरी चहा, लाइट गेली की इन्व्हर्टरच्या उजेडात पानं चाचपायची. वीस मिनिटांत आठ हात झाले तरी खूप. आठजण असतील तर फेरीगणिक लेव्हल बदलते. फेरीचा खर्च २५००, मग ३०००, ४०००, ५०००, ६०००. आठ फेऱ्यांचे वाटणारे २०,००० पाचव्या फेरीतच संपतात. म्हणून लेव्हल लहान असेल तर एम आला त्याहून तिसऱ्या हिश्श्याने कमी धरून खेळा. "चांगल्या पानाची वाट बघतो" म्हणणाऱ्याचा मुख्य बिघाड इथे असतो. त्याच्या पानात काही खोट नसते, घड्याळ पुढे गेलेलं असतं.

बबलवर सगळे भाव बदलतात

आता ज्याच्यामुळे वहीतले गुण हुकतात ते. चौघे उरलेत, तिघांना गुण, म्हणजे आणखी एकच बाहेर जायचा बाकी; याच टप्प्याला बबल म्हणतात. चौघांकडे सारख्या चिप्स, समजा प्रत्येकी २५,०००. पहिल्याने ऑल-इन केलंय, तुम्ही बिग ब्लाइंडवर. मोकळ्या खेळात ५० टक्क्यांहून थोडी जास्त शक्यता असली की कॉल. इथे?

गुण एकूण १००, चौघांचा वाटा सारखा, म्हणजे तुमच्या ढिगाची आत्ताची किंमत २५ गुण. कॉल करून हरलात तर शून्य. जिंकलात तर तुमच्याकडे ५०,०००, बाकी दोघांकडे २५-२५ हजार. पहिलं येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरली तर पहिले निम्म्या वेळा, दुसरे एक तृतीयांश, तिसरे एक षष्ठांश. ५० चे २५, ३० चे १०, २० चे साडेतीनच्या जरा खाली, एकूण ३८.३ गुण. चिप्स दुप्पट झाल्या, किंमत दुप्पट झाली नाही. २५ गमावायचे आणि १३.३ कमवायचे, म्हणजे बरोबरी व्हायला ६५ टक्के हवेत. ब्लाइंड-अँटीचे पडलेले चिप्स धरले तर हा आकडा थोडा खाली येतो, पण ५० च्या जवळ येत नाही. या हिशेबाला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात.

६५ टक्के म्हणजे किती ते कळण्यासाठी: समोरचा डोळे मिटून कुठल्याही दोन पानांवर ऑल-इन करत असला, तरी सत्तीच्या जोडीला त्याच्याविरुद्ध ६६ टक्के मिळतात, छक्कीच्या जोडीला ६३, वेगवेगळ्या रंगांच्या एक्का-राणीला ६४. म्हणजे वेड्याविरुद्धही सत्तीची जोडी जेमतेम. शहाण्याविरुद्ध, जो बरी पानं असतानाच आत येतो, तुम्हाला वरच्या मोजक्या जोड्याच हव्यात. तिथे एक्का-दश्शी फेकली म्हणून कुणी हसलं तर हसू द्या.

हे समजलेला माणूस बबलवर कॉल जवळजवळ बंद करतो आणि बेट वाढवतो, कारण तोच ६५ टक्क्यांचा फास समोरच्याच्याही गळ्यात असतो. आधी आत जाणारा फास दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. मात्र कोणाविरुद्ध, हे बघा. ज्याच्याकडे तुमच्याहून दुप्पट आहे त्याला तुमच्याविरुद्ध हरून बाहेर जायची भीती नाही, तो कॉल करेल. ज्याच्याकडे दोन ब्लाइंड उरलेत तो कुठल्याही पानावर येईल. दाबायचं ते मधल्या ढिगाच्या माणसाला, विशेषतः टेबलावर कोणी तरी दोन ब्लाइंडवर बसलेलं असताना. कारण तो बाहेर पडायची वाट बघत मधला माणूस चांगली चांगली पानं सोडतो.

तीनच उरल्यावर, सारख्या ढिगांत, हा आकडा ५७ वर येतो. जिंकलात तर ३३.३ चे ४३.३ होतात, हरलात तर २० हातात पक्के आहेत. जोडी विरुद्ध दोन मोठी पानं हा सामना साधारण ५५-४५ चा, म्हणजे तिथेही जोडीवाल्याने कॉल करताना दोनदा बघावं. दोघे उरले की आयसीएम संपलं, निव्वळ चिप्सचा हिशेब.

आमच्याकडचे एक मास्तर या सगळ्यावर म्हणतात, "मग पहिला नंबर कधी काढायचा?" प्रश्न रास्त आहे. गुणांची विभागणी ५०-३०-२० ऐवजी ८०-१५-५ असेल तर आकडे सैल होतात आणि जोखीम जास्त परवडते. म्हणून बसायच्या आधी बक्षिसाचा तक्ता वाचायचा. निम्मे लोक तो जेवणाच्या वेळी वाचतात.

उलटा आजार

हे सगळं ऐकून काहीजण दुसऱ्या टोकाला जातात, आणि पुढच्या शनिवारी सगळंच सोडायला लागतात. बिग ब्लाइंडवर सगळं सोडणं ही तितकीच मोठी गळती आहे. ५००-१०००, अँटी १०००, समोरून २२०० चा रेझ. पॉटमध्ये ४७००, तुम्हाला १२०० घालायचे, म्हणजे २० टक्के पुरेत. किलवरची नव्वी-अठ्ठी, राजा-पंजी एकाच रंगात, राणी-दश्शी, हे सगळे इथे कॉल. तुमचा एक ब्लाइंड आणि अँटी आधीच गेलेला आहे, तो कुणाला आंदण द्यायचा नाही. फक्त ढीग वीस-पंचवीस ब्लाइंडचा हवा, आणि फ्लॉप हुकला की दुसऱ्यांदा पैसे मोजायचे नाहीत. स्मॉल ब्लाइंडवर मात्र ही सूट नाही: तिथे किंमत जास्त, मागे अजून एकजण बसलेला, आणि पुढच्या प्रत्येक रस्त्याला तुम्हीच आधी बोलणार.

चांगला हात लागल्यावर चेक करून दबा धरणं हाही याचाच भाऊ. दबा धरलेल्या दर दुसऱ्या हातात समोरचाही चेक करतो आणि फुकट पान बघतो. घरगुती टेबलावर लोक कॉल जास्त करतात, ब्लफ कमी. मग त्यांच्यासमोर स्वतः बेट करा, नेहमीपेक्षा मोठी. रिव्हरवर विचारायचा प्रश्न एकच: माझ्याहून हलका कुठला हात पैसे मोजेल? दोन-तीन नावं घेता आली तर बेट. एकही आठवत नसेल आणि माझ्याहून भारी हात सोडणार नसतील, तर चेक.

मांडवीवर जाणार असाल तर

एक बिघाड पानांचा नाही, हातांचा आहे. ब्लाइंड ५००-१०००, कोणी तरी १००० वर आत आलंय, तुम्हाला ३००० चा रेझ करायचाय आणि तुम्ही न बोलता ५००० ची एकच चिप पुढे टाकता. नियमाप्रमाणे तो कॉल. डीलर ४००० परत देतो आणि चौघेजण स्वस्तात फ्लॉप बघतात. बोलायचं आधी, "रेझ, तीन हजार", मग चिप. बोललेलं बंधनकारक असतं, म्हणून पाळी यायच्या आधी "कॉल" पुटपुटायची घरची सवयही तिथे अंगाशी येते. तसंच चिप्स दोन खेपांत पुढे सरकवल्या आणि रक्कम तोंडाने सांगितली नसेल, तर पहिली खेपच धरतात. पडवीत आम्ही हे नियम यंदापासून कडक केलेत. पहिल्या शनिवारी थोडी वादावादी झाली, आता "रेझ" हा शब्द शेजारच्या घरापर्यंत ऐकू जातो.